बाराच्या आधी खाली

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेल्या बाई, सर, आणि समोर बसलेले तुम्ही सगळे, ज्यांना ‘अहो’ म्हणावं की ‘अरे’ म्हणावं हे मला सकाळपासून ठरवता आलेलं नाही.

संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञानातील बदलते प्रवाह’ असा विषय दिला होता. मी बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नाही. पण तीस वर्षांनी भेटलेल्या माणसांना प्रवाह समजावून सांगायचे, तेही जेवणाच्या आधी, हे माझ्या जिवावर आलं. मी फोन करून विचारलं, दुसऱ्या कशावर बोलले तर चालेल का? ते म्हणाले, ‘तू ते पॅराशूटमधून उड्या मारतेस, त्यावर बोल.’

तर आधी दुरुस्ती. ते पॅराशूट नाही आणि आम्ही उड्या मारत नाही. पॅराग्लायडिंगमध्ये डोंगरउतारावर कापडाचं पंख जमिनीवर पसरायचं, दोऱ्या ओढून ते डोक्यावर उभं करायचं आणि उतारावरून चार-सहा पावलं पळायचं. पाय जमिनीवरून आपोआप सुटतात. पंचवीसेक चौरस मीटर कापड असतं, वजन चार-पाच किलो. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि त्या हवेमुळेच ते पंखाच्या आकारात राहतं. आत ना काठी, ना सळई. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा खेळ आपल्यापेक्षा फार मोठाही नाही. १९७८ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावाच्या उतारावरून तीन पॅराशूटवाले पहिल्यांदा असे पळत निघाले, असं मानतात. माझा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा.

मी हे सुरू केलं चाळिशीत. बाबा गेले त्या वर्षी. त्याचा आणि याचा संबंध काय, ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. पुण्याहून तासा-दीड तासावर कामशेत आहे, तिथे शिकले. आपल्या महाराष्ट्रात उडण्याचा हंगाम म्हणजे दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंत, पावसाळ्यात बंद. हिवाळ्यातल्या सकाळी कामशेतच्या टेकडीवर बसलात तर खाली गावातला चुलीचा धूर वर जाऊन एका पातळीवर आडवा पसरलेला दिसतो, साय धरल्यासारखा. त्याचा अर्थ वरची हवा खालच्यापेक्षा उबदार आहे, म्हणून धूर तिथेच अडतो. अशा हवेत उडणं म्हणजे तळ्यात होडी. फेब्रुवारी-मार्चनंतर दुपार कलली की पश्चिमेकडून समुद्राचा वारा घाट चढून येतो, टेकडीवर आपटून वर वळतो, आणि त्या वर वळणाऱ्या वाऱ्यावर तास-तासभर इकडून तिकडे फिरता येतं. टेकडी आणि उतरायची जागा यांच्यात उंचीचा फरक शे-दोनशे मीटर. आमचे शिक्षक सकाळी दहा-साडेदहाला सगळ्यांना खाली बोलवत आणि चारपर्यंत कुणाला वर जाऊ देत नसत. मधल्या वेळात आम्ही पिठलं-भाकरी खाऊन झाडाखाली लोळायचो. मला वाटायचं, ही जेवणाची सुट्टी आहे.

चार हंगामांत माझ्या वहीत दीडशे तास जमले. एकदा ऑक्टोबरात हिमाचलच्या बीर-बिलिंगलाही जाऊन आले. २०१५ ची विश्वचषक स्पर्धा झाली तेच ते ठिकाण. ऑक्टोबरातली हिमालयाची हवा आमच्यासारख्यांशी फार प्रेमानं वागते. मी तीन हजार मीटरच्या वर गेले आणि खाली उतरल्यावर आपण वैमानिक झालो असं मला वाटू लागलं.

दीड वर्षापूर्वीच्या एप्रिलमध्ये पुण्याहून आम्ही सहा जण इटलीला गेलो. व्हेनिसच्या विमानतळावरून गाडीनं तासा-सव्वातासावर बास्सानो देल ग्राप्पा नावाचं गाव आहे, आणि त्याच्या मागे मोंते ग्राप्पा हा १७७५ मीटर उंचीचा डोंगर. आल्प्स पर्वत दक्षिणेला जिथे संपतो आणि इटलीचं सपाट मैदान सुरू होतं, तिथली ही शेवटची भिंत. आपला घाट संपून एकदम कोकण लागतं ना, तसं. फक्त ही भिंत दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे, म्हणून तिला सकाळपासून ऊन मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये आतल्या आल्प्सवर अजून बर्फ असतं, त्यामुळे जर्मनी-ऑस्ट्रियाचे उडणारे लोक झुंडीनं इथे येतात. सेमोन्झो नावाच्या खेड्यात उतरायचं मैदान आहे, तिथून गाड्या वळणावळणानं वर नेऊन सोडतात. शनिवार-रविवारी आकाशात इतकी रंगीत कापडं दिसतात, जणू आपली संक्रांतच.

घरी काय सांगितलं होतं? आईला सांगितलं होतं की ऑफिसचं काम आहे. सिडकोत एकटी राहते ती. उगाच काळजी नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण असं की तिनं ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

आता थोडं विज्ञान. बाई, हे तुमच्यासाठी. आठवतंय का, तुम्ही चंचुपात्रात पाणी घेऊन तळाशी पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे टाकले होते आणि खालून दिवा लावला होता? जांभळी रेघ सरळ वर चढली, वर जाऊन पसरली आणि काचेच्या कडेनं खाली आली. तुम्ही फळ्यावर लिहिलं, ‘अभिसरण’. आम्ही पाठ केलं: वहन, अभिसरण, प्रारण. परीक्षेत दोन गुण. त्या पात्रात पुढे कधी आपण स्वतः लटकणार आहोत, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

थर्मल म्हणजे तीच जांभळी रेघ. ऊन जमीन तापवतं, जमीन तिच्यालगतची हवा तापवते आणि ती हवा फुगून वर सुटते. वर जाताना ती दर शंभर मीटरला साधारण एक अंशानं गार होते. भोवतालची हवा तिच्याहून गार असेल तोवर ती वर जात राहते. भोवतालची हवा उबदार निघाली की थांबते, कामशेतच्या धुरासारखी. म्हणजे किती तापलं याच्याइतकंच, वर किती गार आहे यालाही महत्त्व आहे.

आणि वसंतातली गंमत इथेच आहे. २० एप्रिलला सूर्य आकाशात जितका चढतो तितकाच तो २३ ऑगस्टच्या आसपासही चढतो. म्हणजे ऊन ऑगस्टचं. पण वरची हवा अजून हिवाळ्यातली. डोंगराच्या माथ्याला बर्फाचे ठिगळ आहेत, रानात अजून पुरती पालवी नाही, उतारावरचं गवत वाळलेलं, ते पटकन तापतं. खाली उन्हाळा, वर हिवाळा, मध्ये हजार-दीड हजार मीटर. अशा वेळी सुटणारी थर्मल अरुंद असते, जोरदार असते आणि तिच्या कडा धारदार असतात. आत पाच मीटर प्रतिसेकंद वर, आणि हातभर बाहेर गेलात की चार मीटर खाली. जुलै-ऑगस्टपर्यंत वरची हवाही तापते, मग थर्मल रुंद आणि मऊ होतात.

आपल्याला हे अगदी परकं नाही. एप्रिलमध्ये शाळेच्या मैदानात वावटळ उठायची आणि शेवटच्या पेपरची प्रश्नपत्रिका तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची, ती थर्मलच होती, धुळीमुळे दिसत होती एवढंच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर तुमच्यातल्या शेतीवाल्यांना सांगायलाच नको. खाली तापलेली दमट हवा आणि वर थंडी, हेच तिचंही मूळ. मी त्या वेळी पुण्यात बसून बातम्यांत द्राक्षबागा पाहिल्या होत्या. दहा वर्षांनी त्याच गणिताच्या आत शिरताना मला एकदाही त्या बागा आठवल्या नाहीत, याचं आता नवल वाटतं.

तिथला आमचा मार्गदर्शक साठीकडे झुकलेला, फार कमी बोलणारा. पहिल्या संध्याकाळी त्यानं आम्हाला बसवून विचारलं, गेल्या तीन महिन्यांत कोण किती उडालंय? शेजारच्या टेबलावरच्या जर्मन मंडळींचं उत्तर होतं शून्य. त्यांचा हिवाळा संपत होता. आमचं उत्तर चाळीस तास, पन्नास तास. त्यांचा हंगाम सुरू होतो तेव्हा आमचा संपत आलेला असतो. मी मनात म्हटलं, आपला हात बसलेला आहे, हे लोक गंजलेले आहेत. त्यानं पुढचा प्रश्न विचारला: ‘आणि दुपारी बारा वाजता?’

आम्ही सहाही जण गप्प. बारा वाजता आम्ही पिठलं-भाकरी खात होतो.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला उडालो आणि साडेदहाला उतरलो. छान. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, हवा आज जोरदार आहे, अकराला सगळे खाली. मी ऐकलं. मान डोलावली. आणि अकराला मी खाली नव्हते.

का नव्हते? कारण मला चांगली थर्मल मिळाली होती. हार्नेसवर एक यंत्र असतं, व्हेरिओ. वर जात असलो की ते टिव-टिव करतं, जितकं जोरात वर तितकं भराभर. ते यंत्र गात होतं. खाली सगळं मैदान, द्राक्षमळे, लाल कौलं, दूर कुठेतरी समुद्राची धूसर रेघ असावी असा भास. मी स्वतःशी म्हटलं, पाच मिनिटं. तुमच्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत आहे, शुक्रवारी संध्याकाळी पाचला ‘छोटासाच बदल आहे’ म्हणून नवं व्हर्जन लाइव्ह करणारा माणूस नेमका याच आवाजात बोलतो. मी टीममध्ये त्या माणसाला ओरडणारी बाई आहे.

बारा वाजून गेले तेव्हा मी एका सोंडेच्या वर होते, झाडांपासून अडीचशे-तीनशे मीटर उंच असेन. थर्मलच्या बाहेर पडले आणि उजवीकडचे ब्रेक एकदम हलके झाले. हातातल्या दोरीत जीव नाही असं वाटलं. वर बघितलं तर उजवं अर्धं पंख नव्हतं. म्हणजे होतं, पण धुवून पिळलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. मघाशी म्हटलं ना, आत फक्त हवा असते. वरून खाली येणाऱ्या हवेनं पुढची कड मिटवली की पंख मिटतं. याला कोलॅप्स म्हणतात. उघडं राहिलेलं अर्धं पंख पुढे धावतं, मिटलेलं मागे ओढतं, आणि तुम्ही मिटलेल्या बाजूला गरकन फिरता. माझ्या उजवीकडे डोंगर होता.

काय करायचं ते पाठ होतं. वजन उघड्या बाजूला टाका, त्या बाजूचा ब्रेक थोडाच ओढा, दिशा धरा, मग मिटलेली बाजू पंप करा. बहुतेक वेळा ते स्वतःच उघडतं, आमच्या वर्गातली पंखं त्यासाठीच बनवलेली असतात. मी जे केलं त्यात निम्मं बरोबर होतं. अर्धं वर्तुळ फिरून झाल्यावर ‘फट्’ असा आवाज आला, पंख उघडलं, पुढे झेपावलं, मी ते अडवायला उशीर केला आणि डावी बाजू थोडी मिटली. मग तीही उघडली. हे सगळं पाच-सहा सेकंदांत झालं असेल. त्यानंतर मी डोंगराकडे पाठ करून सरळ मैदानाकडे निघाले. हात थरथरत होते, आणि व्हेरिओ अजून गातच होता, कारण तिथेही हवा वर जात होती. मला खाली यायचं होतं आणि हवा मला येऊ देत नव्हती.

मैदानावर यायला अर्धा तास लागला. उतरताना शेतातूनच एक थर्मल सुटली, विंडसॉक गर्रकन उलटा फिरला आणि मी शेवटचे तीन-चार मीटर पडले म्हणायला हरकत नाही. बसले ती सरळ माकडहाडावर. हार्नेसखाली फुगीर गादी असते, तिनं वाचवलं. आठवडाभर खुर्चीवर बसताना आठवण येत राहिली.

मार्गदर्शक चालत आला. पंख गोळा करायला मदत केली. रागावला नाही. फक्त विचारलं, ‘किती वाजता उतरायचं ठरलं होतं?’ मी म्हटलं, अकरा. त्यानं मान डोलावली आणि गेला. एवढंच. आपल्या पीटीच्या सरांनी यापेक्षा बरं केलं असतं. दोन छड्या मारून विषय संपवला असता.

पुढचे दोन दिवस मी उडाले नाही. मला कुणी बंदी केली नव्हती. सकाळी बूट घालायचे, नाश्ता करायचा आणि खोलीत परत यायचं. घाबरले होते, हे इंग्रजीत सांगणं सोपं गेलं, मराठीत ग्रुपमधल्या लोकांना सांगणं जमलं नाही. पाठ दुखते म्हणाले. एका दुपारी बाकीचे फिरायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ग्राप्पाच्या माथ्यावर गेले. तिथे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं मोठं स्मारक आहे, १९३५ साली बांधून झालेलं. बावीस हजारांहून जास्त सैनिकांचे अवशेष तिथे आहेत, इटलीचेही आणि त्यांच्याशी लढलेल्या ऑस्ट्रिया-हंगेरीचेही. बऱ्याच जणांची नावंही कळलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात याच देशात, बरंच दक्षिणेला सेनियो नदीवर, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. तारीख ९ एप्रिल १९४५. तोही एप्रिल. मी त्या पायऱ्यांवर बसून हिशेब करत होते की ती पोरं वीस वर्षांची होती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी पंचेचाळिशीची, पैसे भरून आले होते.

खोलीतून बाहेर काढलं ते मार्गदर्शकानंच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, उडू नकोस, पण पंख घेऊन मैदानात ये. ग्राउंड हँडलिंग. म्हणजे वाऱ्यात पंख डोक्यावर उभं करायचं आणि तसंच धरून ठेवायचं, पाय जमिनीवर. कामशेतला हे आम्ही शिकाऊ असताना करतो आणि मग सोडून देतो, जशी आपण दुरेघी वही सोडली. इथे त्यानं मला तासभर उभं केलं आणि वर बघायचं नाही म्हणाला. पंख कुठे आहे ते हातांनी ओळख. मैदानातला वारा एकसारखा नव्हता. झुळूक यायची, थांबायची, बाजू बदलायची. पहिली वीस मिनिटं पंख सारखं माझ्या अंगावर कोसळत होतं. मग हळूहळू कळायला लागलं की पडण्याच्या आधी एक क्षण दोरी हलकी होते. तो हलकेपणा हाताला कळला आणि तेव्हाच थोडं ओढलं, तर ते पडत नाही. नंतर ओढलं तर उपयोग नाही. आणि सारखं ओढून धरलं तर ते उडतच नाही.

माझ्या दीडशे तासांत हा हलकेपणा मला क्वचितच भेटला होता, कारण माझी हवा गुळगुळीत होती. तास खरे होते. पण ते बहुतेक एकाच तासाचे दीडशे पुनर्मुद्रण होते.

त्याच दुपारी साधारण दीडच्या सुमाराला हेलिकॉप्टर आलं. आम्ही मैदानात होतो. डोंगराच्या कडेला झाडीवर ते थांबलं, दोर सोडला, वर ओढला आणि गेलं. कोण होतं, काय झालं, वाचलं की नाही, आम्हाला कळलं नाही. मैदानात शंभरएक माणसं होती, सगळी वर बघत होती. पाच मिनिटं कुणी बोललं नाही, आणि मग एकेक जण पुन्हा आपापल्या दोऱ्या सोडवायला लागला.

मी आईला फोन केला. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते, तिच्या चहाची वेळ. सगळं सांगितलं. ऑफिसचं काम नव्हतं, चार वर्षं उडतेय, परवा पंख मिटलं होतं, आत्ता हेलिकॉप्टर आलं. ती इतका वेळ गप्प होती की मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. मग म्हणाली, ‘बाबांना माहीत होतं का?’ म्हटलं, नाही गं, ते गेल्यावर सुरू केलं. पुन्हा गप्प. मग म्हणाली, ‘उडायच्या आधी मला फोन करत जाऊ नकोस. उतरल्यावर कर. आधी केलास तर मी बसून राहीन.’ आणि फोन ठेवला. रागानं ठेवला. पुढचे दोन दिवस तिनं माझा एकही फोन उचलला नाही. फोन वाजायचा, म्हणजे मी उतरले हे तिला कळायचं, बोलायचं नसायचं.

होय, उडाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला. दिवसभर तापलेली दरी संध्याकाळी तिची ऊब हळूहळू सोडते, तेव्हा हवा रुंद आणि मऊ होते, सगळीकडून जरा जरा वर उचलते. मार्गदर्शक याला म्हाताऱ्यांची हवा म्हणायचा आणि स्वतः फक्त त्याच वेळी उडायचा. मी वीस मिनिटं उडाले. रोज सहा तास उडणाऱ्या माणसांच्या दृष्टीनं ते काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला निघाले आणि सव्वादहाला उतरले. या वेळी फोनवर गजर लावला होता, हेल्मेटमध्ये ऐकू येईल असा. तो वाजला तेव्हा मी वर चढत होते. खूप चांगली चढत होते. गजर वाजला, मी वळले, मैदानाकडे निघाले, आणि हे करताना मला मनापासून वाईट वाटलं, ते लपवत नाही. सहाव्या दिवशी उत्तरेकडून डोंगर ओलांडून वारा येणार असा अंदाज होता. ऊन स्वच्छ, आकाश निळं, टेकऑफवर वारा जवळजवळ शांत, आणि तरी कुणीही जाणता माणूस उडाला नाही. डोंगराच्या आडोशाला शांत वाटतं, पण वरून वारा लाटेसारखा खाली कोसळतो. आम्ही दिवसभर गावातल्या लाकडी पुलावर बसून आइस्क्रीम खाल्लं. एकूण सात दिवसांत माझी हवेतली वेळ पाच तासांच्या आतली. विमानाच्या तिकिटाला भागलं तर ताशी दर फार वाईट येतो, नवऱ्यानं काढून दाखवला आहे.

परत आल्यावर कामशेतला मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे प्रत्येक सकाळी उडण्याआधी अर्धा तास ग्राउंड हँडलिंग. नवीन मुलं विचारतात, ताई तुम्ही अजून शिकताय का? दुसरी म्हणजे वहीत तासांपुढे एक रकाना वाढवला: हवा कशी होती. जुन्या पानांवर मागे जाऊन आठवेल तसं भरलं. ‘गुळगुळीत’, ‘गुळगुळीत’, ‘गुळगुळीत’. बीरच्या एका उड्डाणापुढे ‘बरी’. पुन्हा ‘गुळगुळीत’. बास्सानोच्या त्या दुपारीपुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून फक्त वेळ लिहिली, १२.१०.

या वर्षी एप्रिलमध्ये आईकडे आले होते. दुपारी गच्चीवर कुरडया वाळत होत्या, ऊन चाळीसच्या वर. हर्सूलच्या बाजूला आठ-दहा घारी एकावर एक वर्तुळं करत चढत होत्या, पंख न हलवता. आई डोक्यावर पदर घेऊन बराच वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, ‘ते तुझं थर्मल म्हणतात ते तिथे आहे ना?’ म्हटलं, हो. ‘आत्ता किती वाजले?’ साडेबारा. ‘आत्ता तू उडत नाहीस.’ प्रश्न नव्हता तो. मी म्हटलं, नाही. मग तिनं कुरडया उलटायला घेतल्या आणि अर्ध्या मला उलटायला सांगितल्या.

चहाच्या वेळी तिघा-चौघांनी विचारलं की आम्हाला जमेल का. शिक्षकाबरोबर दोघांचं एकत्र उड्डाण असतं, टँडेम, जमेल. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा. कामशेतला जानेवारीच्या सकाळी या, मी शनिवारी तिथे असते. सातला पोचायचं. दहानंतर आलात तर फक्त पिठलं-भाकरी मिळेल.